गळ्यातली दानपेटी

यशवंतरावांना दान करायला फार आवडायचं. आवड वाईट नव्हे, पण काही लोकांना जेवणाची इतकी हौस असते की ते शेजारच्या ताटातलंही उचलतात, तशी त्यांची दानाची हौस होती. रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांचं सात-आठ पिढ्यांचं घर. भोसल्यांच्या अमलात कुणा पूर्वजाला इथं गावं मिळाली होती. गावं केव्हाच गेली, पण देणाऱ्याचा हात वर राहिला पाहिजे हे त्यांच्या रक्तात राहिलं. थंडीत कांबळी, उन्हाळ्यात पाणपोई, आणि दोन्हींवर फ्लेक्स. फ्लेक्सवर यशवंतराव एवढे मोठे की कांबळं घेणारा त्यांच्या कोपराखाली कुठंतरी सापडायचा.

मंदाकिनी या फ्लेक्सला आधी हसायची. तिचा नवरा गंगाधर मूळचा अमरावतीकडचा, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचा मांडव दरवर्षी तोच घालायचा, यशवंतरावांची ओळख तिथलीच. तो गेल्यावर तिला त्याच वर्कशॉपात अनुकंपेवर फायली पोचवायचं काम लागलं. रायपूरच्या भनपुरीत दोन खोल्यांचं घर, उरला औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये पाळ्या करणारा मुलगा सचिन, आणि पिंकी. पिंकी तिशीला टेकली होती, पण अक्कल पाच वर्षांच्या पोरीची. गोड, हट्टी, चार-दोन शब्द बोलणारी. तिला एकटं ठेवता यायचं नाही. म्हणजे मंदाकिनीची नोकरी टिकायची तर दिवसभर पिंकीला कुणीतरी सांभाळायला हवं, हे उघड होतं.

त्यासाठी भनपुरीतच सरकारचं केंद्र होतं. पिंकीसारख्या मुलांनी, आणि वयानं वाढलेल्यांनीही, दिवसभर तिथं बसावं, काही शिकावं, जेवावं आणि संध्याकाळी घरी जावं. पंखा बंद, नळाला पाणी येईल तेव्हा, शिकवणारीची जागा रिकामी. सगळा डोलारा विमला नावाच्या एका आयेवर. मंदाकिनीचं तिथं आठवड्याला एक भांडण ठरलेलं. पंख्यासाठी भांडली, जेवणातल्या किड्यांसाठी भांडली, खात्याच्या कार्यालयात जाऊन साहेबाच्या टेबलावर हात आपटून भांडली. साहेब मान खाली घालून ऐकायचा आणि काही करायचा नाही.

मग निवडणूक आली. निवडणूक आली की सरकारात जो हाताला लागेल त्याला ड्युटीवर धरून नेतात, तसं विमलाला नेलं. ती घाईघाईत दाराला कुलूप घालून गेली आणि कपाटामागं पिंकी झोपली होती, ते तिनं पाहिलंच नाही. संध्याकाळी मंदाकिनी पोचली तेव्हा आतून घोगरा, फुटका आवाज येत होता. कुलूप फोडून दार उघडलं. पिंकी ओल्या कपड्यांत उंबऱ्याशी बसली होती, दार बडवून बडवून तिचे हात सुजले होते. त्या दिवशी मंदाकिनीचं डोकं फिरलं. सरकार जळो, म्हणाली, सरकारच्या खात्याला आग लागो.

म्हणून महिनाभरानं केंद्र यशवंतरावांच्या संस्थेला चालवायला द्यायचं घाटलं आणि पालकांची सभा बोलावली, तेव्हा पहिला हात वर झाला तो मंदाकिनीचा.

"जिथं सरकारला जमत नाही, तिथं समाजानं पुढं यायचं असतं, वहिनी," यशवंतराव म्हणाले. "गंगाधरची मुलगी म्हणजे आमचीच मुलगी."

मंदाकिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढं त्या पाण्याचा तिला फार राग आला.

सुरुवात झकास झाली. टाइल्स लागल्या, पंखे फिरू लागले, खिचडीत तूप दिसू लागलं. नागपूरला शिकून आलेली देवश्री नावाची तरुण बाई शिकवायला आली आणि ती खरोखर जीव लावून शिकवायची. एकच गोष्ट होती. संस्थेत पाण्याचा ग्लाससुद्धा फोटो काढल्याशिवाय कुणाच्या हातात पडत नसे. खिचडी आली, फोटो. स्वेटर आले, फोटो. कुणा व्यापाऱ्याच्या आईची पुण्यतिथी असली की त्याचं कुटुंब गाडीतून यायचं, केळी वाटायचं, आणि केळं सोलायच्या आधी फोटो.

याचा काटा मंदाकिनीला पिंकीच्या वाढदिवशी टोचला. सचिननं केक आणला होता. पिंकीनं मोठा तुकडा हातात घेतला, तोंडाकडं नेला, आणि सचिननं फोटोसाठी मोबाइल उचलला. मोबाइल दिसताच पिंकीनं केक ताटात टाकला, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाली, "धन्यवाद."

सचिन हसला. मग त्याचं हसू विरलं. त्यानं मोबाइल खाली केला, पिंकीनं हात सोडले. परत वर केला, परत हात जुळले. आपल्या सख्ख्या भावापुढं, आपल्याच घरात, आपल्याच केकसाठी ती मान घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनी देवश्रीला भिडली. "काय शिकवून राहिल्या तुमी माह्या पोट्टीले?"

देवश्री म्हणाली, "काकू, मला पण नाही आवडत. पण फोटो गेला नाही तर देणगी येत नाही, आणि देणगी आली नाही तर खिचडी नाही. सरकारचे पैसे किती येतात, कधी येतात, तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीच सांगा, काय करू?"

मंदाकिनी परत फिरली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही. असली तरी गिळावी लागते.

पौष पौर्णिमा आली. त्या दिवशी छत्तीसगडात छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं आणि लहानथोर सगळे टोपल्या-झोळ्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. मजुराचं पोर मागतं, मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, पोरही मागतं. दारात उभं राहून "छेरछेरा!" अशी हाक घालायची, की घरातल्या बाईनं ओंजळभर धान टाकलंच पाहिजे. देशील तेव्हाच हलू, असं हक्कानं सांगायचं. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला मिजास नाही. आभारबिभार मानायची तर पद्धतच नाही.

पिंकीचा हा सर्वांत आवडता सण. शेजारची मीराबाई तिला दरवर्षी आपल्या नातवंडांबरोबर पारा, म्हणजे सगळी वस्ती, फिरवून आणायची. बाकी वर्षभर चार शब्दांवर भागवणारी पिंकी त्या दिवशी अशी खणखणीत हाक द्यायची की कुत्री पळायची. यंदा मीराबाईनं तिच्यासाठी बांबूची नवी टुकनी, म्हणजे टोपली, आणून ठेवली होती.

पण आदल्या दिवशी संस्थेतून निरोप आला, मुलांचा छेरछेरा यंदा संस्थेतर्फे होणार. सकाळी मुलांना केंद्रात पाठवा, दुपारी यशवंतरावांच्या घरी समारोप, पालकांनी तिथं यावं. सण साजरा करताहेत, चांगलंच आहे, असं मंदाकिनीला वाटलं. तिनं पिंकीच्या हातात टुकनी देऊन तिला पाठवलं.

दुपारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून तात्यापाऱ्यात पोचली. यशवंतरावांच्या अंगणात मांडव होता, खुर्च्यांवर शहरातली बडी मंडळी बसली होती. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी मुलं दिसली. सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, त्यांवर संस्थेचं नाव. टुकनी-झोळी कुणाच्याच हातात नाही. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीनं बांधलेली पत्र्याची दानपेटी, वर फट, पुढं संस्थेचा क्यूआर कोड. पिंकी सगळ्यांत पुढं. ती मोठी, गोरी, गोल चेहऱ्याची, फोटोत चांगली येते म्हणून असेल. एकेका दारात थांबायची. दारातली माणसं आधी मोबाइल काढायची, मग नोट. मोबाइल दिसला की पिंकी हात जोडायची. सकाळपासून पेटीच्या दोरीनं तिची मान लाल झाली होती. हाक एकदाही आली नाही. तिच्या वतीनं माईकवर कुणीतरी बोलत होतं, "इन मासूमों की मदद कीजिए."

ज्या एकाच दिवशी या प्रदेशात कुणीच भिकारी नसतो, नेमका तोच दिवस शोधून या माणसानं मंदाकिनीच्या पोरीला भिकारी केलं होतं. आणि गंमत अशी, की आपण काही चुकीचं केलंय हे यशवंतरावांच्या गावीही नव्हतं. दोनशे वर्षं इथं राहून त्यांच्या घराण्याला छेरछेरा फक्त दाराच्या आतून ठाऊक होता. मागायला कधी कुणी बाहेर पडलंच नव्हतं.

मुलं अंगणात आली. यशवंतराव माईक घेऊन उठले आणि पिंकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आमची पिंकी. हिच्या वडिलांना मी—"

मंदाकिनी खुर्च्यांमधून सरळ पुढं गेली. पिंकीच्या गळ्यातली पेटी तिनं काढली. दोरी कानात अडकली, पिंकी कळवळली, मग मान मोकळी झाल्यावर मान वळवून पाहू लागली.

"वहिनी, थांबा, अजून फोटो—"

"छेरछेरा हाय ना आज, भाऊ?" मंदाकिनीचा आवाज माईकशिवायच मांडवभर गेला. "आज तं मालगुजारही मागते. तुमच्या घरातलं कोणी मागाले निघालं का कधी? नाही ना? मंग घ्या. आज तुमी मागा."

आणि तिनं ती पेटी यशवंतरावांच्या गळ्यात घातली.

यशवंतरावांच्या रेशमी कुडत्यावर पत्र्याची पेटी लोंबत होती, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी सवयीनं मोबाइल वर केले. यशवंतरावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. त्यांनी पेटी ओरबाडून काढली, फेकायला हात उचलला, पण संस्थेचं नाव होतं त्यावर, म्हणून टेबलावर ठेवली.

"ज्या ताटात खाल्लं त्यातच—" ते दातओठ खात म्हणाले. "उपकारांची काही जाण?"

"उपकार?" मंदाकिनी म्हणाली. "बिल्डिंग सरकारची, जागा सरकारची. तुमचा तं फक्त फ्लेक्स हाय."

हे पूर्ण खरं नव्हतं. टाइल्स, पंखे, तूप, देवश्रीचा पगार सगळं यशवंतरावांनी उभं केलं होतं. पण त्या क्षणी तिला खरंखोटं तोलायचं नव्हतं. घाव लागायला हवा होता, आणि तो लागला.

संध्याकाळी मीराबाईनं पिंकीला पाऱ्यात फिरवलं. केंद्रात कोपऱ्यात पडलेली टुकनी मंदाकिनीनं उचलून आणली होती. "आज के दिन मँगइया अउ देवइया बरोबर होथे, दीदी," म्हणजे मागणारा-देणारा आज सारखेच, असं मीराबाई म्हणाली आणि स्वतः पिंकीच्या आधी दारात जाऊन ओरडली. पहिल्या घरी पिंकी गप्पच राहिली. दुसऱ्या घरीही गप्प. पुढं केव्हातरी तिची हाक फुटली, आणि मंदाकिनी आपल्या दारात उभी राहून पदरात तोंड घालून रडली.

गुरुवारी देवश्रीचा फोन आला. आवाज पडलेला होता. "काकू, पिंकीला सोमवारपासून पाठवू नका. कमिटीचा निर्णय आहे. पुढच्या कार्यक्रमात तुम्ही सगळ्यांसमोर माफी मागितली तर पुन्हा घेतील, असं यशवंतरावसाहेब म्हणाले."

"अन् नाही मागितली तं?"

"संस्था खासगी आहे, काकू. कुणाला घ्यायचं ते ठरवता येतं त्यांना."

मंदाकिनी खात्याच्या कार्यालयात गेली. आता तिथं शिशिर नावाचा नवा अधिकारी होता. मराठी घरातला, रायपुरातच वाढलेला. मराठी सगळं कळायचं, बोलायचा हिंदी. "देखिए आंटी, सेंटर अब संस्था को दे दिया है. आप उन्हीं से बात कीजिए."

ती संस्थेत गेली. संस्थेत म्हणाले, तक्रार असेल तर सरकारकडं करा. पूर्वी एक दार होतं, त्यावर डोकं तरी आपटता यायचं. आता दोन दारं होती आणि प्रत्येक दार दुसऱ्याकडं बोट दाखवत होतं.

सोमवारी तिनं जे करायचं नाही ते केलं. रजा मिळाली नाही. सचिन पाळीवर, मीराबाई लग्नाला अभनपूरला गेलेली. तिनं पिंकीपुढं जेवण ठेवलं, टीव्ही लावला आणि बाहेरून कुलूप घालून कामावर गेली. परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तिला तो घोगरा, फुटका आवाज ऐकू आला. दार उघडलं. पिंकी उंबऱ्याशी बसली होती, हात सुजलेले. विमलानं निदान चुकून कुलूप घातलं होतं. आपण पाहून, समजून घातलं. त्या रात्री मंदाकिनीला स्वतःची जेवढी घृणा आली तेवढी यशवंतरावांचीही आली नव्हती.

"मम्मी, माफी माँग लो ना," सचिन म्हणाला. "दो मिनट हाथ जोड़ना है. कौन सा पहाड़ टूट पड़ेगा?"

"एकदा जोडले तं रोज जोडा लागते, बाबा. तुही बहीण पाह्यली ना तू? केक टाकून देल्ला तिनं."

"फिर क्या करोगी? सरकार के पास जाओगी? वही सरकार जिसने इसको बंद कर दिया था?"

"हो. थेच सरकार," मंदाकिनी म्हणाली. "सरकारनं काही केलं नाही. पण त्याच्या टेबलावर हात आपटला तं त्यानं माह्या पोट्टीचं नाव केंद्रातून नाही काढलं कधी."

सचिननं कपाळावर हात मारला. त्याचंही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बिनपगारी रजा टाकली, पिंकीला घेतलं, आणि कार्यालयात शिशिरच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. साहेबांना काय सांगू, असं शिपायानं विचारलं.

"काही नोको सांगू. आमचं केंद्र तुमी देऊन टाकलं. आता इथंच बसतो आमी."

शिशिर येता-जाता पाहत राहिला. दुपारी म्हणाला, "आंटी, ये ऑफिस है, बच्चों का झूलाघर नहीं." संध्याकाळी त्यानं तोंड फिरवलं.

पुढच्या दिवशी बाक उचलून नेलेला होता. नुसती भिंत होती. मंदाकिनीनं भिंतीकडं पाहिलं, परत बसस्टँडवर जाऊन चटई विकत आणली आणि अंथरली.

त्याच्या पुढच्या दिवशी तिनं घरून मटारच्या शेंगा आणल्या. पिंकीला शेंगा सोलायला आवडायचं. दोघी चटईवर बसून सोलू लागल्या, दाणे टुकनीत पडत होते, सालं बाजूला. येणारे-जाणारे चटई ओलांडून जात होते. कुणी चिडत होतं, एका बाईनं तर "नौटंकी" म्हणून पायानं सालं उडवली. मंदाकिनीनंही तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

आवाज ऐकून शिशिर बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर खरा राग होता. "बस, अब बहुत हो गया. मैं फोटो ऊपर भेज रहा हूँ. सरकारी काम में बाधा. पुलिस उठाएगी तब समझेंगी." आणि त्यानं मोबाइल उचलला.

पिंकीनं मोबाइल पाहिला. हातातली शेंग तिनं खाली टाकली. इथं नको गं बाई, मंदाकिनी मनातल्या मनात म्हणाली, जगात कुठंही जोड, पण इथं नको. पिंकीचे हात उठले. एकमेकांच्या जवळ आले. मधे टुकनी होती. हात टुकनीला लागले, तिथंच थबकले, आणि पिंकीनं टुकनीकडं असं पाहिलं की जणू ती तिला आत्ताच सापडली आहे.

मग ती उठली. दोन्ही हातांनी टुकनी शिशिरपुढं धरली आणि त्या लांबलचक कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक घातली.

"छेरछेरा!"

बाबू लोक खुर्च्यांवरून उठले. शिपायाचा हात सवयीनं खिशाकडं गेला. पौर्णिमा होऊन गेली होती, पण हाक तीच होती. शिशिरही रायपूरचाच पोट्टा. या हाकेवर दार लावायचं नसतं, हे त्याला आईच्या कडेवर असल्यापासून माहीत होतं. त्यानं मोबाइल खाली केला. पिंकीच्या तोंडाकडं पाहिलं, मग टुकनीकडं, मग मंदाकिनीकडं.

मग तो आत गेला आणि त्यानं केबिनचं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मंदाकिनीनं सांडलेले दाणे वेचून टुकनीत टाकले. पिंकी अजून उभीच होती, दाराकडं तोंड करून, टुकनी पुढं धरून. मंदाकिनीनं चटई ओढली, ती पार दाराला चिकटवली आणि पाठ दाराला टेकून बसली.

"पुन्हा दे हाक, बेटा," ती म्हणाली. "आत हायत थे."